पत्ता आपला, दार दुसऱ्याचे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)

या अभ्यासवर्गात कालपासून शेतीमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची स्थिती, शिक्षणाचे खाजगीकरण अशा मोठ्या प्रश्नांवर चर्चा झाली. त्या मानाने मला नेमून दिलेला विषय अगदीच किरकोळ वाटावा असा आहे. पत्रकावर, पावतीपुस्तकावर, कार्यालयाच्या दारावर संपर्कासाठी जो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आपण अलीकडे छापू लागलो आहोत, ज्याला क्यूआर कोड म्हणतात आणि बाजारात ज्याला लोक सरसकट ‘स्कॅनर’ म्हणून मोकळे होतात, त्याविषयी मी बोलावयाचे आहे. “त्यात बोलण्यासारखे काय आहे? फोन समोर धरला की नंबर मिळतो, झाले,” असे एका तरुण साथीने काल जेवताना मला विचारले. त्याचा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. पुढे आमच्या तालुक्यात एक प्रकार घडला आणि मला माझे मत बदलावे लागले. प्रथम तोच सांगतो.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी आम्ही तालुक्याच्या गावी एक मदतकेंद्र सुरू केले. पगार बुडविणे, चोरीचा खोटा आळ घेणे, आजारपणाचे खाडे कापणे, अशा तक्रारी घेऊन कोणीही यावे आणि विनामूल्य सल्ला घ्यावा, अशी योजना होती. तीन हजार पत्रके छापली. आमच्यातील एका उत्साही कार्यकर्त्याने कोठल्याशा कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पाच मिनिटांत फुकट एक चौकोन तयार करून आणला. तो फोनसमोर धरला की केंद्राचे नाव, पत्ता, फोन नंबर सारे दिसे. चौकोन आहेच, मग नंबर वेगळा कशाला, म्हणून आम्ही पत्रकावर फोन नंबर छापलाच नाही. ती जागा घोषणेला दिली.

दोन आठवडे सर्व ठीक चालले. मग फोन येणे एकाएकी थांबले. आम्ही समजलो, सणाचे दिवस आहेत, बायका कामात असतील. महिनाभराने रेशन दुकानाच्या रांगेत एक बाई भेटल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, दोन महिन्यांचा पगार थकलेला. त्या मला म्हणाल्या, “दादा, फुकट मदत करतो म्हणाला होतात ना? मग आधी पैसे कशाला मागता?” मला काही उलगडेना. तेव्हा त्यांनी घडी पडलेले आमचेच पत्रक पिशवीतून काढले आणि मुलाला त्यावर फोन धरावयास सांगितले. एक इंग्रजी पान उघडले. या कोडची विनामूल्य मुदत संपली आहे, तो पुन्हा चालू करण्यासाठी अमुक रक्कम भरा, असा त्यावरील मजकूर होता. मुलाला ‘पैसे भरा’ एवढे कळले होते. बाईंनी ते शेजारच्या चौघींना सांगितले होते, आणि त्या चौघींनी पुढे आणखी कितीजणींना सांगितले असेल कोण जाणे. वर्षभर दारोदार हिंडून मिळविलेला विश्वास असा निष्कारण गेला.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या कंपनीने कायद्याच्या भाषेत आम्हांला फसविले नव्हते. मुदतीची अट बारीक अक्षरांत तेथे लिहिलेली होती. चूक आमची होती, आणि ती म्हणजे आम्ही काय छापतो आहोत हे आम्हांला ठाऊक नव्हते. यास्तव आज मी प्रथम हा चौकोन म्हणजे काय हे सांगणार आहे, आणि मग त्यातून आपल्या कामापुरता कोणता निष्कर्ष निघतो ते मांडणार आहे.

कारखान्यात जन्मलेला चौकोन

हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये तयार झाला. टोयोटा समूहासाठी मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या डेन्सो या कंपनीतील मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांनी तो घडविला. तोपर्यंत सुट्या भागांच्या खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड असत. अशा एका बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरे मावत. त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगाराला ते एकामागून एक वाचीत बसावे लागे. त्या कामाने शीण येतो, वेळ जातो, ही तक्रार कारखान्यातून वर गेली आणि तिच्यातून या शोधाला चालना मिळाली. कामगाराच्या शिणाची दखल बहुधा उत्पादन खोळंबू लागले म्हणजेच घेतली जाते, हे खरे. पण या साधनाचे मूळ श्रमाच्या जागी आहे, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

हारा यांना ‘गो’ या जपानी पटावरील काळ्या-पांढऱ्या खड्यांवरून कल्पना सुचली. रेघांचा कोड एकाच दिशेने माहिती साठवितो; चौकोन आडवा आणि उभा, दोन्ही दिशांनी साठवितो. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकटी असतात. त्यांवरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण एकास एक, तीन, एक, एक असे येते. छापील मजकुरात सहसा न आढळणारे प्रमाण शोधून हे ठरविले गेले, म्हणून वाचक-यंत्राला चौकोन कोठे आहे आणि कोणत्या बाजूने धरला आहे हे क्षणात कळते. शिवाय १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी मांडलेली चूक-दुरुस्तीची रीत त्यात वापरली आहे. चौकोन करताना ठरविले, तर त्याचा सुमारे ३० टक्के भाग फाटला किंवा चिखलाने माखला तरी उरलेल्यावरून मजकूर पुन्हा जुळविता येतो. सर्वांत मोठ्या चौकोनात केवळ आकडेच भरावयाचे झाले तर ७,०८९ आकडे मावतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. डेन्सोने या शोधाचे पेटंट घेतले, परंतु प्रमाणित पद्धतीने कोड करणाऱ्यांविरुद्ध तो हक्क बजावणार नाही असे जाहीर केले आणि रचना सर्वांना खुली केली. २००० साली ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. यात निव्वळ परोपकार होता असे नाही; वाचक-यंत्रे विकून कंपनीला नफा होतच होता. पण परिणाम असा झाला की आज जगात कोणीही, कोणाची परवानगी न घेता, कोणाला पैसा न देता हा चौकोन तयार करू शकतो. संपर्काचा तपशील लिहिण्याची जी पद्धत आहे, जिला व्हीकार्ड म्हणतात, तीही अशीच खुली आहे. नाव, फोन, पत्ता एकेका ओळीत लिहावयाचे आणि प्रत्येक ओळीपुढे ती कशाची आहे याची खूण करावयाची, एवढीच ती पद्धत. तेव्हा चौकोन खुला, लिहिण्याची रीत खुली, नाव आणि पत्ता तर आपलेच. मग आमच्या मदतकेंद्राकडे पैसे मागणारा मध्ये आला कोठून?

चौकोनात पत्ता, की पत्त्याचा पत्ता?

संपर्काचे चौकोन दोन प्रकारचे असतात. दिसावयास दोन्ही सारखे.

पहिल्या प्रकारात आपला मजकूर प्रत्यक्ष त्या ठिपक्यांतच लिहिलेला असतो. फोन ते ठिपके वाचतो आणि नाव-नंबर दाखवितो. यात तिसरा कोणी नाही. कागद टिकेल तोवर हा चौकोन चालेल. तो तयार करून देणारी कंपनी उद्या बुडाली तरी चालेल. दगडावर कोरलेल्या अक्षरांसारखाच हा प्रकार आहे.

दुसऱ्या प्रकारात ठिपक्यांमध्ये आपला पत्ता नसतोच. तेथे असतो तो एका कंपनीच्या संगणकाचा पत्ता. फोन प्रथम त्या कंपनीच्या दारी जातो. कंपनी आपल्या वहीत पाहून त्याला आपल्याकडे पाठविते. आपण भाडे भरीत आहोत तोवर पाठविते; भाडे थांबले की तेच दार बंद होते, किंवा आमच्या बाबतीत झाले तसे त्या दारावर तिची स्वतःची पाटी लागते. शिवाय जो जो त्या दारावरून गेला त्याची नोंद तेथे होऊ शकते: किती वाजता आला, कोणत्या जातीचा फोन होता, अंदाजे कोणत्या शहरातून आला. पगार थकलेली बाई मदतकेंद्राचा पत्ता शोधते आहे, ही गोष्ट ती स्वतः आणि आपण यांखेरीज तिसऱ्याला कळण्याचे काय कारण होते?

गावची विहीर सर्वांची असावी, आणि तिच्यावर एकाने रहाट बसवून प्रत्येक घागरीमागे पैसा घ्यावा, त्यातला हा प्रकार आहे. रहाट घालण्यास श्रम लागतात, हे कबूल. पण पाणी त्याचे नाही, विहीर त्याची नाही, आणि आपल्या घरी पोहरा व दोर आहे हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

या दुसऱ्या प्रकाराची बाजूही सांगितली पाहिजे. फोन नंबर बदलला तर पहिल्या प्रकारची छापील पत्रके वाया जातात. दुसऱ्या प्रकारात कंपनीच्या वहीतील नोंद बदलली की जुनी पत्रकेही चालतात. ही सोय खरी आहे. परंतु त्यावर उपाय असा की, संस्थेचा नंबर संस्थेच्या नावे असावा, पदाधिकाऱ्याच्या खिशात नसावा. पदाधिकारी बदलले की नंबर बदलतो ही आपली जुनी खोड आहे, आणि तिच्यासाठी परक्याला भाडे भरणे हा उपाय नव्हे. बदलता मजकूर द्यावयाचाच असेल तर चौकोनात संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता घालावा. निदान दार तरी आपले राहील.

कोणता चौकोन कोणत्या प्रकारचा हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ती प्रत्येकाने आज रात्रीच करून पाहावी. फोनवरील इंटरनेट पूर्ण बंद करावे आणि मग चौकोनावर फोन धरावा. नाव आणि नंबर दिसले तर पत्ता चौकोनातच आहे. नुसता एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता दिसून पुढे काही उघडेना, तर मध्ये कोणाचे तरी दार आहे. ते कोणाचे हे त्या पत्त्यावरूनच वाचावे. आमच्या कार्यकर्त्याने ही परीक्षा छपाईपूर्वी केली असती तर तीन हजार पत्रके वाचली असती.

वाचता न येणारा लेख

आता मी दीडशे वर्षे मागे जाणार आहे, आणि त्याला कारण आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजारच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते हिसकावून जाळली. पाहता पाहता हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोचले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यांत बहुतेक ठिकाणी रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. कारण ज्या लेखावर शेतकऱ्याने अंगठा उठविला होता तो त्याला वाचता येत नव्हता. रक्कम किती लिहिली, व्याज काय लावले, फेडलेले जमा धरले की नाही, हे सारे लिहिणाऱ्याच्या हाती. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला आणि अशी कर्जखते ग्रामनिबंधकापुढे व्हावीत असे ठरविले. लेख ज्याला बांधून घेतो त्याला तो कळला पाहिजे, हे तत्त्व शेतकऱ्यांनी त्या जाळपोळीने सरकारला पटविले, असे म्हणता येईल.

आज साक्षरता वाढली, आपण अंगठेबहाद्दर राहिलो नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु हा चौकोन कोणाही माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही. प्राध्यापकालाही नाही आणि हमालालाही नाही. त्यापुढे आपण सर्व पुन्हा निरक्षर झालो आहोत. फोनवर अंगठा टेकविण्यापूर्वी आत काय लिहिले आहे हे आपण पाहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे काही इसमांनी रात्रीतून दुकानांबाहेरील पैसे घेण्याच्या कोडांवर आपले कोड चिकटविले. सकाळी गिऱ्हाइकांनी भरलेले पैसे भलत्याच्याच खात्यात जाऊ लागले. तेच आपल्या मदतकेंद्राच्या भित्तिपत्रकावर होऊ शकते. अडचणीत सापडलेल्या माणसाने आपल्या नावाखाली एखाद्या ठकाला फोन करावा, याहून मोठी हानी कोणती? म्हणून चौकोनाखाली नाव आणि नंबर साध्या अक्षरांत छापलेला असलाच पाहिजे. तोच त्या चौकोनाचा साक्षीदार. फोनवर दिसणारा नंबर आणि कागदावरील नंबर जुळतात का हे कोणालाही ताडून पाहता येते.

नोंदवही कोणाच्या हाती?

आतापर्यंत आपला पत्ता लोकांना देण्याविषयी बोललो. त्याची दुसरी बाजू म्हणजे लोकांचा पत्ता आपण घेणे. सभेच्या दारात चौकोन लावावयाचा, येणाऱ्याने तो स्कॅन करून नाव-नंबर भरावयाचा, अशी पद्धत आपल्याकडेही येऊ लागली आहे. वहीत लिहून घेण्यापेक्षा ते सुटसुटीत आहे. पण अशी नोंद एकदा जमली की तिचे पुढे काय होते, याचे दोन दाखले महासाथीच्या काळातील आहेत, आणि ते कायद्याचे राज्य म्हणून नावाजलेल्या देशांतील आहेत.

पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यात २०२० च्या अखेरीस दुकानात, उपाहारगृहात शिरताना चौकोन स्कॅन करून आपली नोंद करण्याची सरकारी व्यवस्था सुरू झाली. रोगाचा माग काढण्यापुरतीच ही माहिती आहे असे लोकांना सांगण्यात आले. २०२१ साली उघड झाले की पोलिसांनी गुन्ह्यांच्या तपासासाठी ती मिळविली होती. गवगवा झाल्यावर जून २०२१ मध्ये सरकारने ते रोखणारा कायदा आणला. जर्मनीतील माइन्झ शहरात नोव्हेंबर २०२१ मध्ये एका उपाहारगृहातून बाहेर पडल्यावर एका माणसाचा मृत्यू झाला; तेव्हा पोलिसांनी तेथील चौकोनावरून झालेल्या नोंदी मिळवून २१ जणांशी संपर्क साधला, वस्तुतः तेथील कायद्याने त्या माहितीचा असा वापर निषिद्ध होता. गुन्ह्याचा तपास हे वाईट काम आहे असे माझे म्हणणे नाही. पण माहिती एका कामासाठी मागितली आणि दुसऱ्या कामासाठी वापरली, एवढी गोष्ट दोन्हीकडे घडली. जमविलेली यादी पडून राहत नाही. तिला गिऱ्हाईक भेटतेच, मग तो पोलीस असो, मालक असो वा मते मोजणारा व्यापारी असो.

ज्यांनी १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात भूमिगत काम केले, किंवा तसे काम करणाऱ्यांना घरात आसरा दिला, त्यांना हे सांगावयास नको. पत्त्यांची वही ही तेव्हा सर्वांत जोखमीची वस्तू होती. ती कोणाजवळ असावी, किती नावे असावीत, वेळ पडल्यास ती कशी नाहीशी करावी, याचा विचार आधी होई. आज आपण तीच वही कोठल्या देशात आहे हे ठाऊक नसलेल्या संगणकावर हसतमुखाने ठेवून येतो. कारखान्यात संघटना बांधू पाहणाऱ्या वीस कंत्राटी कामगारांची यादी ठेकेदाराच्या हाती पडली तर दुसऱ्या दिवशी गेटवर काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखाने निर्णय दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमतीवाचून माहिती घेऊ नये, सांगितलेल्या हेतूपलीकडे वापरू नये, हे तत्त्व त्यात आहे, आणि शासनाला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभाही त्यातच आहे. कायद्याची लढाई आपण लढूच. पण जे तत्त्व आपण सरकारकडून मागतो ते आपल्या शाखेच्या टेबलावर प्रथम पाळले पाहिजे. आपण घेतलेला नंबर आपण कोणत्या कामासाठी घेतला, तो कोणाला दाखविला आणि केव्हा खोडला, हे सांगता आले पाहिजे.

स्त्री कार्यकर्त्यांच्या संदर्भात हे विशेषच जपावयास हवे. एखादी भगिनी आपला खाजगी नंबर चौकोनात घालून गावभर लावते, तेव्हा तो नंबर परत घेता येत नाही. व्हॉट्सॲपच्या समूहात चौकोनावरून शिरलेल्या बाईचा नंबर समूहातील इतरांना दिसतो. म्हणून जाहीर कागदावर संस्थेचाच नंबर असावा. आपसांतील संपर्कासाठी व्हॉट्सॲपने २०२० पासून दिलेला वैयक्तिक कोड रद्द करून नवा घेता येतो, आणि सिग्नलवर २०२४ पासून नंबर न देता केवळ टोपणनावाचा कोड देता येतो; या सोयी माहीत करून घ्याव्यात. आपल्या भाजीवाल्या भगिनींनाही सांगावे की गाडीवर लटकविलेल्या पैशांच्या कोडमध्ये कित्येकदा मोबाइल नंबर हाच खात्याचा पत्ता असतो. तो नको असेल तर दुसरा पत्ता बँकेच्या ॲपमधून निवडता येतो.

लिपी आणि फोन

दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिली लिपीची. संगणकाच्या आजच्या सार्वत्रिक पद्धतीत रोमन अक्षराला एक घर लागते, तर देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रा-वेलांटी धरून, तीन तीन घरे लागतात. ‘सावित्रीबाई फुले’ हे नाव रोमन लिपीत १६ घरांत मावते. देवनागरीत त्याला ४६ लागतात. जपानी लोकांनी चौकोन घडविताना आपल्या कांजी अक्षरांसाठी त्यात खास काटकसरीची सोय करून ठेवली. साधन जो घडवितो तो आपल्या भाषेसाठी जागा राखतो, हा यातील धडा. पण यावरून आपले कार्यकर्ते नावे इंग्रजीत घालतात ते चूक आहे. मराठी नावाने ठिपके थोडे दाट होतात, इतकेच; चौकोन थोडा मोठा छापला की काम भागते. दहा हातांवरून वाचावयाचा असेल तर चौकोन हातभर रुंद असावा, असा ढोबळ हिशेब आहे. आणि भोवती कोरी जागा सोडावी. तिच्यात घोषणा घुसवू नये.

दुसरी गोष्ट फोनची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांनी आपल्याजवळ स्वतः वापरता येईल असा मोबाइल असल्याचे सांगितले. इंटरनेट कधीही वापरलेल्या स्त्रिया मात्र ३३ टक्केच होत्या, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर हे आकडे वाढले असतील. तरीही जिला फक्त चौकोन दिला तिला मुलाकडे, नवऱ्याकडे किंवा मालकिणीच्या घरातल्या कोणाकडे फोन मागावा लागतो, ही स्थिती पुष्कळ घरांत आहे. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार नवऱ्याच्याच फोनवरून स्कॅन करा, असे आपण तिला सांगत असतो. साधा छापील नंबर शेजारणीच्या साध्या फोनवरूनही लावता येतो.

आपण काय करावे?

तेव्हा आपल्या शाखांनी पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात, असे मी सुचवितो.

एक, संपर्काचा चौकोन पहिल्या प्रकारचाच असावा, म्हणजे पत्ता त्यातच लिहिलेला. तो करण्याची विनामूल्य व खुली साधने उपलब्ध आहेत. प्रत्येक तालुक्यात निदान दोघांनी ते शिकून घ्यावे. छपाईपूर्वी इंटरनेट बंद करून परीक्षा घ्यावी.

दोन, चौकोनात नाव, संस्थेचा नंबर आणि कार्यालयाचा पत्ता, एवढेच घालावे. जन्मतारीख, घरचा पत्ता, दुसरा नंबर यांची गरज नाही. जितके कमी लिहू तितके ठिपके विरळ आणि तितका धोका कमी.

तीन, चौकोनाखाली तोच मजकूर मोठ्या मराठी अक्षरांत छापावा. याला अपवाद नसावा.

चार, सभेत नावे घेताना वहीच ठेवावी. चौकोनावरून घ्यावयाचीच झाली तर ती कोठे साठतात हे आधी माहीत करून घ्यावे, लोकांना सांगावे, आणि काम संपल्यावर खोडावीत.

पाच, भिंतीवर लावलेल्या कोडची आठवड्यातून एकदा पाहणी करावी. त्यावर दुसरे काही चिकटविलेले नाही ना, आणि तो चालतो ना, हे पाहावे.

आणि सहावी गोष्ट मागणीच्या स्वरूपाची आहे. ग्रामपंचायती, नगरपालिका, सरकारी रुग्णालये, रेशन दुकाने येथे तक्रारीसाठी नुसते चौकोन लावण्याची प्रथा पडत आहे. त्यांत खाजगी कंपनीचे दार नसावे, आणि शेजारी चालू फोन नंबर व जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे, अशी मागणी आपण लेखी केली पाहिजे. हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याला रिझर्व्ह बँकेचा दाखला द्यावा. पैसे घेण्याच्या कोडांच्या बाबतीत प्रत्येक कंपनी आपलेच कुंपण घालू लागली, तेव्हा २२ ऑक्टोबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की नवे स्वतःपुरते कोड काढू नयेत आणि ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांनी एकमेकांना चालणाऱ्या कोडांवर यावे. म्हणून आज भाजीवालीच्या एकाच चौकोनावर कोणत्याही ॲपने पैसे भरता येतात. व्यापाराच्या सोयीसाठी जे करता आले ते नागरिकाच्या तक्रारीसाठी का करता येऊ नये?

साथींनो, मी यंत्राचा विरोधक नाही. पत्रक वाचून घरी गेलेल्या माणसाला नंबर उतरवून घेण्याचा त्रास वाचत असेल तर तो वाचलाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे की संपर्क ही संघटनेची मूळ भांडवली वस्तू आहे, आणि ती भाड्याने घेतलेल्या दारामागे ठेवता येत नाही.

त्या बाईंचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. रेशनच्या रांगेतच मी त्यांचा पत्ता वहीत लिहून घेतला, पेन्सिलीने. दुसऱ्या दिवशी आमच्या दोन भगिनी त्यांच्या घरी गेल्या, मग त्यांच्याबरोबर त्या मालकिणीकडे गेल्या. दोन महिन्यांपैकी दीड महिन्याचा पगार मिळाला. अर्ध्या महिन्याचा वाद अजून चालू आहे. पण ‘आधी पैसे मागतात’ ही शेजारच्या आळीत पसरलेली गोष्ट पुसण्यासाठी आम्हांला अजून घरोघर जावे लागत आहे, आणि जिथे जातो तिथे आमचा नंबर आम्ही हाताने लिहून देतो.